कुत्र्यांची बाग आणि सोललेला नारळ

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि त्याचं कारण आहे एक नारळ. पोलीस खात्यात जन्म काढलेल्या बाईनं खून-दरोडे सोडून नारळ लक्षात ठेवावा, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण मागच्या आठवड्यात तुम्ही दोघांनी तुमच्या शहरातल्या कुत्र्यांच्या बागेचे फोटो पाठवलेत. ते हिरवं कुंपण, ती दुहेरी फाटकं, पाण्याची भांडी बघितली आणि मला आमच्या किनाऱ्यावरची बाग आठवली. तुमची आई म्हणाली, लिहून ठेव, म्हणून लिहिते. कुणाचं नाव मात्र लिहिणार नाही, कारण यातली काही माणसं अजून बाजारात भेटतात.

तेव्हा निवृत्तीला काही वर्षं उरली होती आणि मी मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. पावसाळ्यात तिथल्या कामाची जातच बदलते. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या असतात, पुरुषमाणसं घरात असतात, आणि घरात बसलेली माणसं हद्दीवरून भांडतात. सकाळची हजेरी आटोपली की ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर ओल्या छत्र्यांची रांग लागायची. कुणाचा माड कुणाच्या छपरावर पडला, कुणी कुणाच्या गडग्याचे दगड सरकवले, असल्या तक्रारी. अशाच एका सकाळी त्या रांगेतून सिस्टर आत आल्या.

सिस्टर म्हणजे मुंबईच्या इस्पितळात परिचारिका म्हणून नोकरी करून गावी परतलेल्या बाई. लग्न केलेलं नव्हतं. वडिलोपार्जित घर दुरुस्त करून त्यात एकट्या राहत. सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणे. त्या खुर्चीवर बसल्या, छत्री दाराबाहेर ठेवायला परत उठल्या, पुन्हा येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला चोरीची तक्रार द्यायची आहे. दुसऱ्यांदा झालेल्या चोरीची."

चोरीला काय गेलं होतं ते सांगण्याआधी जागेबद्दल सांगायला हवं. त्यांच्या गावात समुद्राला लागून सुरूचं बन आहे. एका दर्यावर्दी कुटुंबानं मुंबईत स्थायिक होताना ती जमीन गावाला बक्षीस दिली, लोकांना बसायला-फिरायला बाग व्हावी म्हणून. ग्रामपंचायतीनं तिथे चार बाकडी टाकली आणि पुढची बरीच वर्षं बाग तेवढीच राहिली. मग पर्यटक येऊ लागले. त्यांच्या मागे किनाऱ्यावरची कुत्री फिरू लागली, आणि एका उन्हाळ्यात पाहुण्यांच्या मुलाला एक कुत्रं चावलं. ज्या लॉजच्या पायरीवर हे घडलं, तिथले सगळे पाहुणे त्याच दिवशी सामान बांधून निघून गेले.

लॉजवाल्यानं ग्रामसभेत मागणी केली की कुत्री टेंपोत घालून आंबोलीच्या घाटात सोडावीत. आसपासच्या एक-दोन गावांनी आधी तसं केलंही होतं. सिस्टर एसटीनं कोल्हापूरला जाताना आंबोलीत उतरल्या होत्या. टपऱ्यांच्या पत्र्याखाली पावसात कुडकुडत बसलेली कुत्री त्यांनी पाहिली होती. एका बाईच्या टोपलीतल्या सुक्या मासळीच्या वासानं ती सगळी एसटीमागे धावली. ती आपल्याच किनाऱ्याची, हे त्यावरून त्यांना कळलं. तो पाऊस आणि ते बिबटे, त्यांतून किती दिवस निभावतील, असं त्या मला म्हणाल्या.

म्हणून त्यांनी ग्रामसभेत दुसरा प्रस्ताव मांडला. बनाचा एक कोपरा जाळीनं बंद करायचा. पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून कुत्र्यांना लस टोचून, शस्त्रक्रिया करून घ्यायची. मासळीची डोकी-शेपट्या गावभर न फेकता तिथेच आणून घालायच्या. मुंबईत एका सोसायटीनं असं केलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यावर सभेत जो गोंधळ झाला तो आमच्या बीट हवालदारानं स्वतः ऐकला होता. लॉजवाला उठून म्हणाला, "माणसांका बसाक जागा नाय आणि कुत्र्यांका बाग? घाला कुंपण. सकाळपर्यंत रवता काय बघूया." जमीन देणाऱ्यांना मुंबईला फोन लावला, तर ते म्हणाले, दिलेली वस्तू आमची नाही, गावानं ठरवावं. शेवटी ठराव थोडक्या हातांनी पास झाला, पण अटीवर. नारळी पौर्णिमेच्या आत कुंपण पुरं झालं तर कुत्री राहतील, नाही तर टेंपो. आणि टेंपो लॉजवाल्याचाच.

आता त्याच कुंपणाचा समुद्राकडच्या बाजूचा तुकडा दोनदा नाहीसा झाला होता. आषाढात एकदा आणि श्रावण लागल्यावर पुन्हा. पौर्णिमा जवळ आली होती. सिस्टरना कुणाला शिक्षा व्हावी असं नव्हतं. त्यांना जाळी परत हवी होती, पौर्णिमेच्या आधी.

मी त्यांचा अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन जागेवर गेले.

पंचनामा करताना माझी एक सवय होती. पंच यायच्या आधी मी एकटी जागेभोवती एक फेरी मारायची. तिथे तीन गोष्टी मला विचित्र वाटल्या. कुंपण सगळं उखडलेलं नव्हतं. समुद्राच्या बाजूला बैलगाडी जाईल एवढीच मोकळी जागा केली होती, आणि सिस्टर म्हणाल्या की पहिल्या वेळीही नेमकी तेवढीच आणि तिथेच. खांब काढले होते, पण खड्डे वाळूनं भरून पायानं दाबलेले होते. आणि जाळी खांबांना बांधायची जी नायलॉनची दोरी होती, ती कापलेली नव्हती. गाठी सोडून, वेटोळं करून ती शेजारच्या खांबाला अडकवून ठेवली होती.

राग काढायला आलेला माणूस खड्डे बुजवत बसत नाही. कोयता मारतो आणि निघून जातो. हवालदाराला मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, लॉजवाल्याक उचलूया. थोडो दम दिलो की सांगतलो." त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. भर सभेत धमकी दिलेला माणूस डोळ्यांसमोर असताना दुसरा शोधायचं कारण नसतं.

जबाब नोंदवायला मी सिस्टरच्या घरी बसले. घर कसं, इस्पितळाच्या वॉर्डासारखं. पातेल्यांवर झाकणं, झाकणांवर फडकी. त्यांनी सोलकढीचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "घ्या मॅडम. नारळ फुकटचा आहे. दोन्ही वेळा चोराच्या हातून तिथे एक-एक नारळ पडला, सोललेला, शेंडीसकट. पहिल्याचं सुक्या सुंगटांचं कालवण केलं, आता श्रावण म्हणून कढी. म्हटलं, तेवढंच वसूल."

कढी उत्तम होती. मी दुसरा पेलाही घेतला.

लॉजवाला ठाण्यात आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. सरकारी टेबलासमोर आमच्याकडचा माणूस एकदम दुसरीच भाषा बोलायला लागतो. घरी 'माका-तुका' करणारे इथे 'सदर' आणि 'उपरोक्त' म्हणतात. तो म्हणाला, "सदर जाळीशी माझा कोणताही संबंध नाही." मी विचारलं, मग सभेत बोललात ते काय होतं? त्यानं खाली बघितलं आणि सांगितलं की सभेत उभं राहिल्यावर काही तरी जोराचं बोलावंच लागतं, नाही तर लोक खाली बसवतात.

मी बराच वेळ फिरवून-फिरवून विचारलं. दोन्ही वेळा तो पाहुण्यांना आणायला कुडाळला गेला होता, आणि त्याच्याबरोबर गेलेल्यांनी तसं सांगितलं. माणसं पाठवून काम करवलं असेल, हा संशय उरत होता. तेव्हा तो वैतागून, 'सदर' वगैरे विसरून बोलला. "मॅडम, तुमीच सांगा. कुत्रे कुंपणात गेले तर फायदो कोनाचो? माझोच ना? माझ्या पायरीर कोन येतला मगे? ती जाळी रवाक व्हयी म्हणान मीच देवाक सांगतंय, आणि मीच काडतलंय?"

"मग विरोध कशाला केलात?"

"थंय माका पोरांसाठी झोपाळे व्हये होते. आणि तो टेंपो. आंबोलेसून परत इल्यार तो धुतलो कोन?"

खोटं बोलणारा माणूस टेंपो धुण्याची काळजी करत नाही. मी त्याला सोडलं, पण गावात बातमी पसरली ती त्याला ठाण्यात बसवल्याची. आणि तीच उपयोगी पडली.

आमच्या ठाण्याच्या मागच्या पडवीत एक मासेवाली मावशी येत असे. पावसाळ्यात खाडीतली मासळी आणि मडक्यातला सुका बांगडा घेऊन ती सगळ्या वसाहतीत फिरायची, आणि बातम्या घेऊन परतायची. श्रावण पाळणाऱ्या शिपायांना ती ओळीनं टोमणे मारी. त्या दिवशी तिनं टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाईनू, तेका कित्याक बसवन् ठेवलास? बिचारो घराक जावन जेवलो नाय. तेना काय एक करूक नाय."

मी वर्दीत होते, म्हणून वर्दीतल्या भाषेत विचारलं, "मग कुणी केलं? माहीत असेल तर सांगा, तुमचं नाव येणार नाही."

"माका काय खबर?" ती म्हणाली, आणि टोपलीवरचं फडकं सारखं करत बसली.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, खात्यातलं बोलणं छापील मराठीतलं, पण आजोळ वेंगुर्ल्याकडचं. सुट्टीत आजीकडे मी दुसरं काही बोलल्याचं आठवत नाही. मी टोपी काढून खिडकीत ठेवली, तिच्याशेजारी पडवीच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, "गो मावशे, नाव सांगू नको. खऱ्या-खोट्यातला तेवढा सांग. त्या माणसाक तसाच सोडून देव?"

ती चमकली. मग हसली. "अगो बाय माझे, ह्यां येता तर तुका! मगे आदी कित्या कागदासारख्या बोलत होतंस?" आणि टोपली डोक्यावर चढवता-चढवता म्हणाली, "जेना काडल्यान तेना बरा केल्यान. वाटेत आडवा कोन घालता काय? खयच्या गावात घालतत?"

"कोणाच्या वाटेत?"

"तां सिस्टरीक इचार. बारक्यापणात ती थंयसून जावक भियायची."

एवढं बोलून ती गेली. पण मला पुरेसं होतं. त्याच संध्याकाळी, उजेड असेतो, मी हवालदाराला घेऊन गावच्या देवळापासून चालत निघाले. देवळाचं आवार, मग माडांमधली पायवाट, मग सुरूचं बन, आणि पलीकडे वाळूत अर्धा बुडालेला एक काळा दगड. त्या दगडाला शेंदूर नाही, छप्पर नाही. मी दगडापाशी उभी राहून मागे बघितलं. देवळाचा कळस, माझे पाय आणि कुंपणातली ती मोकळी जागा एका रेषेत होती.

हवालदार टोपी काढून उभा होता. तोही त्याच भागातला. मी विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं? तो म्हणाला, "राखणदाराची वाट, मॅडम. सगळ्यांका म्हायत आसा." मग मला का नाही सांगितलं, असं विचारल्यावर तो गोंधळला. "पंचनाम्यात तां खंय लिवचा?" असं तो म्हणाला.

मुलांनो, राखणदार म्हणजे गावाची हद्द सांभाळणारा. त्याला मूर्ती नसते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि मागे कुत्री घेऊन तो देवळापासून समुद्रापर्यंत फेरी मारतो, असं तिथे मानतात. तुम्ही मानावं असं मी म्हणत नाही. मी स्वतः काय मानते हे मला या वयातही नीट सांगता येणार नाही. पण त्याच्या वाटेवर कुणी काही बांधत नाही, आणि बांधायचंच झालं तर आधी त्याला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांनी उभं राहून त्याला मोठ्यानं सांगतात की असं असं करतोय, सांभाळून घे. सिस्टरनी ग्रामपंचायतीला विचारलं होतं, पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारलं होतं, मुंबईला फोन केला होता. एकालाच विचारलं नव्हतं. आणि गावातल्या प्रत्येकाला वाटत होतं की ते दुसऱ्या कुणी तरी केलं असणार.

मग मला तो नारळ आठवला. सुरूच्या बनात एकही माड नाही. आणि सिस्टर म्हणाल्या होत्या तो नारळ सोललेला होता, शेंडी ठेवलेला. सोललेला नारळ झाडावरून पडत नाही. तो कुणाच्या हातून पडला नव्हता, ठेवला होता. माझ्या नोकरीत पुरावा गहाळ झाल्याच्या घटना घडल्या, पण तपास अधिकारी आणि फिर्यादीनं मिळून तो पिऊन टाकल्याची ती एकच.

दोरीच्या वेटोळ्यानं मला त्या माणसापर्यंत नेलं. ती दोरी कुठून आणली, असं मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्या दादाची. दादा म्हणजे त्यांचे चुलतभाऊ. एका मोठ्या होडीचे तांडेल, म्हणजे होडी चालवणाऱ्या सगळ्या गड्यांचे प्रमुख. कुंपणाचे खड्डे त्यांनीच खणले होते, दोरीही त्यांनीच दिली आणि गाठीही त्यांनीच मारल्या होत्या. दोन्ही वेळा मोडलेलं बघून सगळ्यात आधी हळहळलेही तेच.

मी त्यांच्याकडे गेले ते साडी नेसून, सकाळी, एकटी. घराशेजारच्या मांगरात, म्हणजे होडीचं सामान ठेवायच्या झोपडीत, ते जाळं विणत बसले होते. मोठी, उन्हानं रापलेली मान, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. पायाशी दोन कुत्री झोपलेली. कोपऱ्यात जुन्या जाळ्यांच्या ढिगाखालून नव्या तारेची चमक दिसत होती. लपवलेलं इतक्या वाईट रीतीनं लपवलेलं मी क्वचितच पाहिलं असेल.

त्यांनी मला पाट दिला. मी पावसाचं बोलले, जाळ्याचं बोलले. मग म्हटलं, "दादानू, लॉजवाल्यार चोरीचो गुन्हो दाखल करूचो लागतलो. तेना सभेत तसा बोललेला आसा."

त्यांचे हात थांबले. "तेका कित्याक? तेना खंय काय केल्यान?"

"मगे कोना केल्यान?"

कुत्र्यांपैकी एक उठून त्यांच्या मांडीवर मान ठेवून बसलं. त्यांनी चष्मा काढला. "मी काडलंय," ते म्हणाले. "दोनदा. फाटफटीक, कोन उठाच्या आदी. आणि तिसऱ्यांदा घातल्यानी असती तर तिसऱ्यांदा काडतलंय होतंय."

"मगे घातलास कित्याक?"

"तिना सांगल्यान म्हणान. भयणीक नाय कसा म्हणा?" त्यांनी कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. "आणि काडलंय तेच्यासाठी. होडये दर्यात जातले आता. तेची वाट बांदून ठेवली आणि कायतरी झाला, तर गाव काय म्हणतला? सिस्टरीच्या कुत्र्यांमुळे झाला म्हणतला. मगे टेंपो नको, लोक काठये घेवन इले असते. मी कुत्र्यांका वाचवूकच काडलंय, बाय."

"आणि तिका सांगलास नाय?"

"ती शिकलेली. तिका सांगूचा आणि ती हसली तर? तिका मी खांद्यार बसवन जत्रेक न्हेलंय. ती हसली तर माका बरा दिसाचा नाय."

"मगे ग्रामसभेत तरी उठाचा."

तेव्हा ते मात्र हसले. "थंय ग्रामसेवक लिवता. तेका काय लिवाक सांगू? राखणदाराची हरकत आसा म्हणान?"

तपास तिथे संपला. पुढचं काम पोलिसाचं नव्हतं, पण ते केल्याशिवाय फाईल बंद झाली नसती, म्हणून मी सिस्टरना मांगरात बोलावून घेतलं. आधी त्यांना तार दिसली, मग दादा. त्यांचा चेहरा इतका पडला की मी मध्ये बोलणार होते. पण त्या दादांसमोर जमिनीवर बसल्या आणि इस्पितळाची भाषा सोडून बोलल्या.

"दादा, माझ्या कुत्र्यांका आंबोलेक धाडतलंस होतंस?"

"तुझे कशे ते?" दादा म्हणाले. "तेचे ते. तेच्याबरोबर फिरतत. म्हणान तर वाट व्हयी."

सिस्टर कोपऱ्यातल्या तारेकडे बघू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "थंयसून जाता तो? मी इसरलंय रे. आवशीचो हात धरून धावत जायचंय मी थंयसून." आणि एकाएकी त्यांनी तोंडावर हात ठेवला. "दादा, ते नारळ..."

"काय झाला नारळांचा?"

एकाचं कालवण केलं, दुसऱ्याची कढी मॅडमनाही पाजली, हे त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं. मी मांगराच्या छपराकडे बघितलं. दादांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचं हसू इतकं फुटलं की चष्मा जाळ्यात पडला आणि दोन्ही कुत्री भुंकायला लागली. "कालवण केलंस? आणि मॅडमक पण दिलंस?" डोळे पुसत ते म्हणाले, "आता गाऱ्हाना घालूकच व्हया. तुमच्या दोघींच्या नावान."

सिस्टरनी लेखी दिलं की जाळी मिळाली, तक्रार नाही. मी स्टेशन डायरीत लिहिलं, 'कुंपणाच्या रेषेबाबत गैरसमज होता, तो उभयतांच्या संमतीने दूर झाला.' एकही शब्द खोटा नव्हता.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बनात गाव जमलं. खांब आणि जाळी मांगरातून आणायला टेंपो लागला, आणि तो लॉजवाल्यानं स्वतः चालवत आणला. खांब उतरवताना त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की आता त्याला चोर म्हणणारे कोण कोण आहेत. हवालदार सुरूच्या झाडांकडे बघत उभा राहिला. कुंपणाची रेषा दादांनी पायानं वाळूत ओढून दाखवली. समुद्राकडच्या बाजूला ती कोपरासारखी आत वळवली, म्हणजे वाट बाहेर मोकळी राहिली. कुत्र्यांची जागा थोडी कमी झाली. फाटक त्या वाटेवरच उघडेल असं ठेवलं. दादांचं म्हणणं, कुत्र्यांना राखणदाराबरोबर फेरीला बाहेर पडावं लागेल.

मग सगळे काळ्या दगडाकडे तोंड करून उभे राहिले. चपला काढल्या. दादांनी मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी मिळान जो नारळ ठेवलो आसा, तो मान्य करून घे, म्हाराजा." लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा." "ह्या तुझ्या लेकीन नकळत तुझ्या वाटेर तार मारल्यान, ती चूक पोटात घाल, म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "आदीचे दोन नारळ खंय गेले तां इचारू नको, म्हाराजा." इथे हशा पिकला, पण उत्तर आलंच. "ह्या मुक्या जनावरांची राखण कर, दर्यार जातल्यांची राखण कर, म्हाराजा."

मी वर्दीत होते. तरी 'व्हय म्हाराजा' माझ्याही तोंडून निघालं, आणि शेजारी लॉजवाल्याच्याही.

त्या प्रकरणानं मला काय शिकवलं, हे मी नंतर नव्या अधिकाऱ्यांना सांगत असे. माणसं पोलिसांशी खोटं बोलतात हे खरं, पण त्याहून जास्त वेळा ती फक्त तेवढंच बोलतात जेवढं आपल्या भाषेत मावतं. ग्रामसभेत हात वर झाले, खाली झाले, ठराव झाला, आणि ज्या एका गोष्टीवर सगळं अडलं होतं ती कुणी उच्चारलीच नाही. ती लपवायची होती म्हणून नव्हे. तिथल्या टेबलाच्या भाषेत ती सांगता येत नव्हती, म्हणून. तेव्हापासून चौकशीला गेले की मी आधी बघू लागले, हा माणूस घरात कुठल्या भाषेत भांडतो. मग त्याच भाषेत पहिला प्रश्न विचारायचा, आणि तो खुर्चीवर बसून नाही. कागदावर उतरवायचं ते नंतर.

जाळी खाऱ्या वाऱ्यानं गंजली, दोनदा बदलली, पण वळण तसंच राहिलं. पर्यटक विचारतात की कुंपण इथे वाकडं का. लॉजवाला त्यांना सांगतो की पूर्वी तिथे मोठं झाड होतं. झोपाळे त्याला मिळाले, कुंपणाच्या पलीकडे. संध्याकाळी फाटक उघडलं की कुत्री वाटेवर येऊन पाय पसरून बसतात, आणि खाली समुद्राकडे बघत राहतात.

सिस्टर माझ्याशी अजून फोनवर बोलतात. त्या म्हणतात, दादा आता होडीवर जात नाहीत, पण दर नारळी पौर्णिमेला सकाळी बनात जायच्या आधी सिस्टरच्या दारात थांबतात. हातात दोन सोललेले नारळ असतात. एक पायरीवर ठेवतात आणि म्हणतात, "हो कालवणाचो. दुसऱ्याक हात लावू नको."